खेळघरातील उपचार : कर्करोगग्रस्त बालके आणि क्रीडोपचार

कर्करोगाचे निदान झालेले मूल रुग्णालयात दाखल होते, त्या दिवशी त्याच्याकडून सर्वप्रथम काढून घेतली जाते ती त्याची दिनचर्या. शाळा सुटते, अंगण सुटते, सवंगडी दुरावतात. हाताला सलाईनची सुई आणि तोंडावर मास्क येतो. केव्हा टोचायचे, काय खायचे, कोणाला भेटायचे, कोणत्या कुशीवर निजायचे, हे सर्व मोठी माणसे ठरवितात. चार-पाच वर्षांच्या बालकाच्या हाती स्वतःचे म्हणावे असे एकच काम उरते आणि ते म्हणजे रडणे. खेळणे हे त्याचे दुसरे, खरे तर पहिले काम. ते त्याला आजारपणातही करता यावे, किंबहुना आजारपण सोसण्यासाठीच करता यावे, यासाठी जी पद्धतशीर योजना केली जाते तिला क्रीडोपचार म्हणतात.

अहवालाच्या इतर पानांवर यंत्रसामग्री, शस्त्रक्रिया आणि औषधसाहाय्य यांचा हिशेब वाचकांस मिळेलच. खेळघराचा खर्च मात्र बहुतेक संस्थांत ‘करमणूक’ या सदराखाली एका ओळीत संपतो. इतक्या गंभीर आजारात खेळण्यांवर पैसा का खर्चावा, असा प्रश्न काही विश्वस्तांनी आणि काही पालकांनीही विचारला आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरवयीनांना कर्करोग होतो. बालवयात सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग आणि त्यातही लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया हा प्रकार. संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. म्हणूनच २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले. या तफावतीची कारणे अनेक आहेत : उशिरा निदान, औषधांचा तुटवडा, जंतुसंसर्ग. परंतु एक कारण असे आहे की ज्याचा उच्चार क्वचितच होतो. ते म्हणजे उपचार अर्धवट सोडून कुटुंबाने घरी निघून जाणे. त्यामागे पैसा असतो, शेतीची कामे असतात, घरी राहिलेली धाकटी भावंडे असतात. आणि पुष्कळदा ‘लेकराचे हाल बघवत नाहीत’ हे वाक्यही असते. रक्ताच्या या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. दर खेपेस चौघांनी धरून ठेवावे लागणारे मूल आणि त्या आक्रोशाने खचलेली आई एवढा प्रवास कसा पुरा करणार? खेळघराचा संबंध येथे येतो.

खेळ आणि औषध यांची सांगड जुनीच आहे. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एका दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातील आठ दिवसांचे चित्रीकरण केले. त्या काळी पालकांना वॉर्डात थांबू देत नसत आणि आईविना मूल कसे मिटत जाते, हे त्या चित्रपटाने डॉक्टरांना दाखविले. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने तेथील रुग्णालयांना पालकांसाठी दारे उघडण्याची शिफारस केली. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या शहर रुग्णालयात एम्मा प्लँक यांनी दाखल मुलांच्या खेळाची आणि शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था उभारली. मानसोपचाराच्या बाजूने व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांचा क्रीडोपचारावरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला दिशा दाखवू नये, त्याने वाट काढावी व मोठ्याने मागे चालावे, हे त्यांचे सूत्र आजही पाळले जाते. महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मूल आणि त्याचा परिसर हेच शिक्षणाचे साधन मानले होते.

खेळ, तयारीचा खेळ आणि क्रीडोपचार

या तीन शब्दांत गल्लत होते, ती दूर करणे आवश्यक आहे. वॉर्डात कॅरमची सोंगटी सारणे हा निव्वळ खेळ होय, आणि त्याचीही गरज असतेच. इंजेक्शनपूर्वी बाहुलीवर तीच क्रिया करून पाहणे हा तयारीचा खेळ होय. प्रशिक्षित परिचारिका किंवा खेळताई तो घेऊ शकते. भय, राग, अपराधीपणा अशा मनातल्या गाठी मुलाने खेळातून बाहेर आणाव्यात आणि त्या ओळखून त्याला साथ द्यावी, हा खरा क्रीडोपचार. त्यासाठी बालमानसशास्त्राचे शिक्षण आणि दीर्घ देखरेख लागते. हौशी स्वयंसेवकाने तिसऱ्या प्रकारात हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उघडलेली जखम तशीच सोडून जाणे हे कोणत्याही शस्त्रक्रियेत अक्षम्य मानले जाते. येथेही तेच लागू आहे.

तयारीचा खेळ कसा चालतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रक्ताच्या कर्करोगात औषध मेंदूभोवतालच्या द्रवापर्यंत पोहोचावे म्हणून ते पाठीच्या मणक्यांमधून द्यावे लागते. पालक यास ‘पाठीतले इंजेक्शन’ म्हणतात. मुलाला ते दिसत नाही. मागे काहीतरी चालले आहे एवढेच कळते आणि न दिसणाऱ्या गोष्टीची भीती अधिक असते. आदल्या दिवशी खेळताई कोऱ्या चेहऱ्याची कापडी बाहुली मुलाच्या हाती देते. डोळे, नाक, नाव सर्व त्यानेच द्यायचे. मग त्या बाहुलीला बधिर करणारे मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची. हे मलम प्रत्यक्षातही सुमारे तासभर आधी लावावे लागते. कापसाचा बोळा किती गार लागतो, हे मूल आधी स्वतःच्या हातावर पाहते. त्यानंतर बाहुलीला ‘कासव’ करायचे, म्हणजे गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी आणि पाठ गोल. मग मूल स्वतः कासव होऊन दाखविते. सुई नसलेली सिरिंज, सलाईनची नळी, चिकटपट्टी या वस्तू खऱ्याच असतात. ‘टोचताना क्षणभर दुखेल, मग दाबल्यासारखे वाटेल, रडलास तरी चालेल, हलायचे मात्र नाही’, असे त्याला सांगितले जाते. या वाक्यात एकही असत्य नाही, आणि तेच त्याचे बळ आहे.

जेथे ही क्रिया भूल देऊन केली जाते, तेथेही तयारी चुकत नाही. उपाशी राहणे, अनोळखी खोली, तोंडावर येणारा मास्क आणि जाग आल्यावर आई कोठे असेल हा प्रश्न, यांचा सराव बाहुलीवर होतोच.

प्रत्यक्ष वेळी मुलाला निवड दिली जाते. निवड मात्र खरी हवी. ‘इंजेक्शन घ्यायचे का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये, कारण ‘नको’ या उत्तराचा मान आपण राखू शकत नाही. आई डोक्याशी उभी राहील की हात धरील, पट्टी कोणत्या रंगाची हवी, आकडे मराठीत मोजायचे की इंग्रजीत, हे त्याने ठरवावे. हाताची शीर शोधताना लहान मुलाला आडवे दाबून ठेवण्यापेक्षा आईच्या मांडीवर, छातीशी धरून बसविणे चांगले. साबणाचे फुगे फुंकण्यास द्यावेत. दीर्घ श्वास सोडल्याने स्नायू सैल होतात आणि लक्षही दुसरीकडे जाते. यात जादू नाही. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वेदनेचा संदेश मज्जारज्जूत जसाच्या तसा पुढे जात नाही. मेंदूतील भय, अपेक्षा आणि अवधान त्यास वाढवू किंवा कमी करू शकतात.

किरणोपचारांतही खेळाचा उपयोग होतो. डोक्यावर किरणे द्यावयाची असल्यास गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून तो मेजाला जखडतात. खोलीत काही मिनिटे मुलाने एकट्याने, निश्चल पडायचे असते. आपल्या गल्लीबोळांत मुले ‘स्टॅच्यू’ खेळतात, त्याच खेळाचा सराव रोज अर्धा-अर्धा मिनिट वाढवीत नेला आणि मुखवटा आवडत्या रंगांनी रंगविला, तर काही मुले भुलीविना हे उपचार घेऊ शकतात. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. रोज सकाळी उपाशी ठेवणे आणि रोज भूल देणे टळले, तर मुलाच्या शरीरावरील व भूलतज्ज्ञांच्या वेळेवरील भार किती हलका होतो, हे विश्वस्त मंडळास वेगळे सांगावयास नको.

पालकांस येथे एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. ‘आपण फिरायला चाललो आहोत’, ‘टोचणार नाहीत, नुसते बघणार’ असे सांगून मुलास उपचारखोलीत नेऊ नये. त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु एकदा फसलेले मूल पुढील दोन वर्षे प्रत्येक दाराशी अडते आणि अखेरीस आईच्याही शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही. ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकीही तितकीच घातक. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलास आजार ही शिक्षा वाटू शकते. दिवाळीत ताईला मारले म्हणून केस गळले, असा कार्यकारणभाव ते मनाशी जुळवून बसते. त्यात आपण भर घालू नये.

याच कारणाने खेळघराचा एक नियम कोणासाठीही मोडला जात नाही : खेळघरात टोचणे नाही. रक्त घ्यावयाचे असो, तापमान पाहावयाचे असो किंवा औषधाची गोळी असो, त्यासाठी मुलाला बाहेर बोलावले जाते. रुग्णालयात एक तरी जागा अशी असावी की जेथे दार उघडले म्हणून दचकायचे कारण नाही.

काउंट, खेळणी आणि देणगीदार

केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात, प्लेटलेट उतरतात. पालकांच्या भाषेत ‘काउंट पडतात’. अशा दिवसांत साधा जंतुसंसर्ग प्राणावर बेतू शकतो, म्हणून कुंड्यांतील माती, ताजी फुले, वाळूचा हौद आणि साचलेले पाणी वर्ज्य असते. प्लेटलेट कमी असताना लगोरी, सूरपारंबी, अगदी भोवराही नाही. आपटल्यास रक्तस्राव थांबत नाही. याचा अर्थ खेळ थांबवावा असा नव्हे. विलगीकरणातील मुलास त्याची स्वतंत्र पेटी मिळते : कागद, रंग, पत्ते, धुता येण्याजोग्या ठोकळ्यांचा संच. व्हिन्क्रिस्टीन या औषधाने काही मुलांचे पाऊल लोंबते, हाताची पकड सैल पडते. बाटल्यांची झाकणे पायाच्या बोटांनी उचलून डब्यात टाकण्याची स्पर्धा हा त्यांचा व्यायामच असतो, फक्त त्यांना तसे सांगितले जात नाही. स्टेरॉइडच्या आठवड्यात मूल विलक्षण चिडते, सारखे खायला मागते. त्या दिवसांत हरण्या-जिंकण्याचे खेळ बाजूला ठेवलेले बरे.

यास्तव देणगीदारांशी थोडे मोकळेपणाने बोलणे भाग आहे. वाढदिवस, पुण्यतिथी आणि नाताळ या निमित्तांनी येणारी खेळणी बहुतांशी केसाळ, मऊ अशी असतात. धुऊन निर्जंतुक करता येत नसल्याने एका मुलाने हाताळलेले असे खेळणे दुसऱ्यास देता येत नाही, आणि खोक्यांवर खोकी साचतात. त्याऐवजी प्लास्टिकचे ठोकळे, सापशिडी, पत्ते, भातुकलीचे स्टीलचे संच आणि सावंतवाडीची पक्क्या रंगाची, पुसता येणारी लाकडी फळे द्यावीत. याहून महत्त्वाची गोष्ट ही की खेळघराची खरी गरज खेळण्यांची नाही, माणसाची आहे. दर महिन्यास बदलणारे स्वयंसेवक कितीही प्रेमळ असले, तरी उपचारांची दोन-तीन वर्षे मुलास तोच चेहरा हवा असतो. ज्याच्यापाशी त्याने मन उघडले ती व्यक्ती पुढच्या सोमवारी नसेल, तर खेळ पुन्हा शून्यापासून सुरू होतो. प्रशिक्षित क्रीडोपचारकाचे वेतन ही कोनशिलेवर न कोरली जाणारी देणगी आहे. परंतु कायम ठेवीच्या व्याजातून ते निघाले, तर त्याइतका सत्पात्री विनियोग आम्हांस दुसरा दिसत नाही. जाता जाता आणखी एक. खेळणी वाटताना मुलांसमवेत छायाचित्र काढण्याची इच्छा स्वाभाविक असली, तरी केस गळालेल्या मुलीस ते छायाचित्र नको असते. ती तसे म्हणणार नाही. म्हणून तिच्या वतीने आम्ही नकार देतो, त्याचा राग मानू नये.

मुले जे बोलत नाहीत

मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेत तीन ते नऊ वर्षांच्या ल्यूकेमियाग्रस्त मुलांसमवेत दीर्घकाळ राहून केलेला अभ्यास १९७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या काळी हा आजार बहुधा असाध्य होता आणि मुलांना काही सांगण्याची पद्धत नव्हती. तरीही मुलांना आपला आजार, त्याची औषधे आणि पुढे येणारा मृत्यूही ठाऊक होता, असे त्यांस आढळले. आईवडिलांस वाईट वाटू नये म्हणून मुले अजाणतेचे सोंग घेत, आणि मुलांस वाईट वाटू नये म्हणून आईवडील. एकाच खोलीत दोन्ही बाजूंनी चाललेले हे सोंग किती एकाकी करणारे असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आपल्याकडे चित्र फार निराळे नाही. आजार उलटलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने खेळघरात छापील सापशिडी बाजूला सारून स्वतःचा पट आखला. शिड्या थोड्या, साप पुष्कळ, आणि ९८ व्या घरावरचा साप थेट एकावर उतरणारा. त्या पटावर ती रोज खेळे आणि खेळताईची सोंगटी मुद्दाम त्या सापापर्यंत आणी. तिला घरी सांगण्यात आले होते की, ‘थोडा अशक्तपणा आहे, म्हणून परत यावे लागले.’ खेळताईने तिला काहीही विचारले नाही, खेळत राहिली, आणि सोंगटी खाली घसरली की, ‘इतक्या जवळ येऊन पुन्हा एकपासून, फार राग येतो,’ एवढेच म्हणाली. मुलगी म्हणाली, ‘हो.’ हा पट आईवडिलांना दाखविण्यात आला. त्यांनी मनाची तयारी करण्यास दोन दिवस घेतले आणि मग डॉक्टरांच्या उपस्थितीत, तिला कळेल अशा शब्दांत, आजार परत आल्याचे सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला, ‘म्हणजे केस पुन्हा जाणार का?’ त्या रात्री आई तिच्यासमोर प्रथमच रडली, आणि मुलीने तिच्या पाठीवरून हात फिरविला.

चित्रांचा किंवा खेळाचा असा एकेरी अर्थ लावण्याचा मोह मात्र टाळावा. काळा रंग वापरला म्हणजे मूल निराश आहे, असे अनुमान काढणारे हौशी पुष्कळ भेटतात. कधी कधी पेटीत तेवढाच खडू शिल्लक असतो.

नेत्राच्या कर्करोगात डोळा काढावा लागलेले मूल बहुधा पाच वर्षांच्या आतले असते. त्याच्यासाठी डोळा काढता-बसविता येईल अशी बाहुली उपयोगी पडते. हाडाच्या कर्करोगाचे रुग्ण बहुतेक किशोरवयीन असतात. त्यांना भातुकलीपाशी बसविणे हा अपमानच. त्यांच्यासाठी बुद्धिबळ, तबला, मोबाइलवर लघुचित्रपट बनविणे, आणि मुख्य म्हणजे दार लोटून घेण्याची मुभा हवी.

क्रीडोपचाराने कर्करोग बरा होत नाही, हे निःसंदिग्धपणे नमूद केले पाहिजे. तो औषधाची जागा घेत नाही, आणि दुखते तेथे वेदनाशामक देण्यातील कसूर खेळाने भरून निघत नाही. सुईच्या वेदनेसाठी योजलेल्या मानसिक उपायांचा कॉक्रेन आढावा २०१८ मध्ये अद्ययावत करण्यात आला. लक्ष दुसरीकडे वळविण्याने वेदना व धास्ती कमी होते, असा त्याचा निष्कर्ष असून, उपलब्ध पुराव्याचा दर्जा उंचावण्याची गरजही त्यात दिसून येते. आम्ही यापलीकडे दावा करू इच्छित नाही. उपचारांचा उपयोग उरत नाही अशा मुलांच्या बाबतीत खेळाचे प्रयोजन संपते, असे मात्र आमच्या अनुभवास आलेले नाही. श्वास पुरत नसला तरी पत्ते पिसण्याचे काम आजोबांकडे देऊन डाव सांगणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

शेवटी घरी राहिलेल्या भावंडांविषयी. आईवडील व आजारी मूल शहरातील धर्मशाळेत आणि थोरला मुलगा गावी आजीपाशी, ही व्यवस्था महिनोन् महिने चालते. त्याला कोणी काही सांगत नाही. आजार आपल्याला होईल का, आपल्यामुळे झाला का, हे तो विचारीत नाही. कर्करोग स्पर्शाने होत नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. कांजिण्या, गोवर किंवा सर्दी-ताप असताना मात्र त्याला भेटीस आणू नये. खेळघरातून जोडचित्राचे कागद मिळतात. दाखल असलेल्या मुलाने अर्धे चित्र काढावयाचे, त्याचे छायाचित्र मोबाइलवरून गावी पाठवावयाचे आणि उरलेले अर्धे भावंडाने पुरे करून परत धाडावयाचे. हे कागद, खडूंची पेटी आणि बाहुलीचा संच धर्मशाळेत नेण्यासाठीही पालकांस विनामूल्य दिले जातात. डॉक्टरांची सकाळची फेरी आटोपली की खेळघर उघडते. काउंट कमी असल्यास सिस्टरना सांगावे, म्हणजे पेटी खाटेपाशी आणून देण्यात येईल.